रागाचे वजन किती?

फेसबुकने २०१६ मध्ये पसंतीच्या अंगठ्याच्या जोडीला हृदय, हसरा चेहरा, रागीट चेहरा अशी चिन्हे दिली. २०१७ पासून कोणता मजकूर वर दाखवायचा हे ठरविताना अशा प्रत्येक चिन्हाला अंगठ्याच्या पाचपट वजन मिळू लागले.

समजा, एका चांगल्या लेखाला १०० अंगठे मिळाले आणि एका अफवेला ३० रागीट चेहरे. केवळ चिन्हांचा हिशेब केला तर लेखाला गुण १००, अफवेला १५०! म्हणजे लोक रागावले, तरी अफवाच वर.

चूक कोठे झाली? बल ही सदिश राशी आहे. तिला परिमाण असते, तशी दिशाही असते. येथे भावनेचा जोर मोजला, दिशा मात्र सोडून दिली. २०२० मध्ये रागीट चेहऱ्याचे वजन शून्यावर आणले गेले.

उद्या अशी चिन्हे तुम्ही आखाल, तेव्हा दिशा विसरू नका.