पडीक रान आणि टिलर

आमच्या घरामागे ओढ्याच्या कडेला १२ गुंठे रान आहे. ते कैक वर्षे पडीक होते. नोकरी संपल्यावर आम्ही ठरवले, इथे भाजीपाला करायचा. दावणीला बैल राहिले नव्हते. म्हणून पतपेढीचे कर्ज काढले आणि तालुक्याहून जमीन खणणारे लहान यंत्र आणले. यंत्र नवेकोरे, लालभडक. पोरेटोरे बघायला जमली.

मग काय झाले? पाती जमिनीत शिरेनात. यंत्र बेडकासारखे उड्या मारू लागले. दांडा दाबून दाबून हाताला फोड आले. तिसऱ्या दिवशी आतली साखळी तुटली. दुकानदार म्हणाला, "गुरुजी, भाग बाहेरून मागवावा लागेल." भाग येईस्तोवर मृग निघून गेला. मिरचीचं तरू वाफ्यातच जून झालं. पतपेढीचा हप्ता मात्र थांबला नाही.

यंत्राबरोबर एक छापील पुस्तिका आली होती. ती आम्ही उघडलीही नव्हती! जन्मभर मुलांना 'आधी वाचा' म्हणून सांगितले, ते आम्हीच. त्यात स्पष्ट लिहिले होते की हे यंत्र भुसभुशीत जमिनीतले तण काढण्यासाठी आहे.

तेव्हा यंत्र घेण्याआधी पुस्तिका मागा. दुकानातच बसून वाचा. पडीक जमीन फोडता येते असे त्यात लिहिले आहे का, ते पाहा.

मग वजन पाहा. पडीक जमीन घट्ट बसलेली असते. हलके यंत्र तिच्यावर नाचते, जड यंत्र दबून चालते. तण काढायचे लहान यंत्र शंभर किलोच्या आतबाहेर असते. १२-१३ अश्वशक्तीचा डिझेल टिलर चारशे किलोच्या घरात जातो. त्याची पाती चाकांच्या मागे असतात. चाके यंत्राला आवरून धरतात आणि पाती खणतात. लहान यंत्रात पुष्कळदा चाकांच्या जागीच पाती बसवतात. कठीण जागी तेच यंत्राला पुढे पळवतात.

इंजिनाची ताकद पात्यापर्यंत कशी पोचते, हेही विचारा. पट्टा घसरतो, साखळी सैल पडते. तेलात बुडालेली दातेरी चाके जास्त टिकतात. त्यांची पेटी बिडाची असेल तर उत्तम. पण पेटीतले तेल गळून गेले, तर बिडाची पेटी काय कामाची? तेल रोज पाहावे. धुळीच्या रानात हवेची जाळीही रोज साफ करावी.

पाती, पट्टे, तेलाची सीले जवळच्या गावात मिळतात का? मिळत नसतील तर यंत्र कितीही चांगले असो, घेऊ नये. यंत्रांची सरकारी चाचणीही होते. मध्य प्रदेशात बुदनी येथे अशी संस्था आहे. चाचणीचा अहवाल मागायला लाजू नका.

आता हरळीचे सांगतो. हरळीच्या रानात एकदम टिलर घालू नका. पाती तिचे तुकडे करतात आणि डोळा असलेला तुकडा पुन्हा फुटतो. एका हरळीच्या शंभर होतात बघा! आधी उन्हाळ्यात खोल नांगरट करावी. नांगर भाड्याने मिळतो. काशा वेचून बाहेर काढाव्या, ढेकळे उन्हात तापू द्यावी. दगड वेचावे. एक पाऊस पडून वाफसा आला की मग टिलर. पहिली फेरी उथळ, दुसरी खोल. दुसऱ्या वर्षी आम्ही असेच केले. टिलरही भाड्याने आणला. १२ गुंठ्यांसाठी एवढे मोठे यंत्र विकत घेणे परवडत नाही.

जुने यंत्र आम्ही विकले नाही. भेंडीच्या ओळींत ते चांगले चालते. फक्त मागे घेताना पाती आधी थांबवावी लागतात. शेजारचा एक पोरगा ते विसरला. टाचेला टाके पडले. आता तो बूट घातल्याशिवाय यंत्राला हात लावत नाही.