सर्किटच्या फाइलमधून सामानाची यादी

तेल्हाऱ्यात बसून मोटरपंपाच्या स्टार्टरचं सर्किट काढता येतं. त्याचे पार्ट मात्र अकोल्याहून, नाहीतर थेट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवावे लागतात. एखादा रेझिस्टर यादीतून सुटला, की त्या एका पार्टापायी पुन्हा कुरियरची वाट बघत बसा. म्हणून ही यादी, म्हणजे ‘बिल ऑफ मटेरियल’, हाताने लिहूच नये; सर्किटच्या फाइलमधूनच काढावी.

‘किकॅड’ हे सर्किट काढायचं मुक्त सॉफ्टवेअर ज्याँ-पिएर शारास यांनी १९९२मध्ये सुरू केलं. आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पाचं ‘ई-सिम’ (मोबाइलमधलं नव्हे!) हे सॉफ्टवेअर त्याच्याच आधारावर उभं आहे. किकॅडची फाइल म्हणजे साधा मजकूर: प्रत्येक पार्टाचा क्रमांक, मूल्य, फूटप्रिंट (बोर्डावरची त्याची जागा नि माप). पायथनची छोटी स्क्रिप्ट तो वाचते आणि मूल्य व फूटप्रिंट सारखे असलेले पार्ट एका ओळीत आणते: ‘आर१, आर४, आर७, १०के, ३ नग’. २०२४च्या आठव्या आवृत्तीत तर यादीची ही सोय किकॅडच्या आतच आली.

गोची होते ती आपल्या लिहिण्यात. ‘१०के’मधला के कुठे मोठ्या अक्षरात, कुठे लहान, कुठे मध्ये जागा सोडून लिहिला, तर साध्या स्क्रिप्टला ते तीन वेगळे पार्ट वाटतात. एक्सेल फूटप्रिंटच्या ‘०६०३’ या मापातला पहिला शून्य गिळून ‘६०३’ करून ठेवतं. आणि डबा, स्क्रू, वायर, सोल्डर सर्किटात बहुधा काढलेलेच नसतात. ते यादीत हातानेच जोडायचे.