ओंडक्यांवरील चिलटांची ओळख

मृगाच्या सरी सुरू झाल्या की मालवण, देवगड आणि कुडाळ या भागांत बागेच्या बांधाला रचून ठेवलेल्या आंब्या-फणसाच्या ओंडक्यांची साल भिजून सुटते, तिच्याखाली बुरशीचे पांढरे जाळे पसरते आणि पुढे त्या ओलसर सावलीत काळपट, लांब पायांची चिलटे वावरू लागतात. बागायतदाराला ती मोहोरावरच्या मिजमाशीची भावंडे वाटतात आणि फवारणीचा विचार सुरू होतो. वस्तुतः यांतील बहुतेकांच्या अळ्या बुरशीवर व कुजक्या लाकडावर पोसतात, आणि उभ्या झाडाच्या निरोगी लाकडाला त्यांच्यापासून इजा होत नाही. मात्र उभ्या आंब्याच्या खोडावर ती एकाच जागी सतत आढळली, तर तेथील लाकूड मेल्याची शंका घ्यावी आणि भिरुडाची, म्हणजे खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीची, छिद्रे व त्यांतून बाहेर पडणारा भुसा शोधावा.

नुसत्या डोळ्यांनी ही चिलटे डासांसारखी दिसली तरी त्यांना रक्त शोषणारी लांब सोंड नसते. खरी निवड भिंगाखाली होते. मायसेटोफिलिडी कुळातील चिलटांची पाठ कुबडी असते, आणि कक्षांग, म्हणजे पाय जिथे छातीला जोडलेला असतो तो पहिला सांधा, विलक्षण लांब असतो. सायारिडी कुळात दोन्ही संयुक्त नेत्र शृंगिकांच्या वर अरुंद पट्टीने जोडलेले असतात; या पट्टीला नेत्रसेतू म्हणतात. एवढ्यावर निर्णय देणे मात्र धोक्याचे आहे, कारण मिजमाशीच्या सेसिडोमायिडी कुळातही डोळे बहुधा असेच वर जुळलेले असतात. अशा वेळी जंघेचे टोक पाहावे: सायारिडीत तेथे काट्यासारखे आर असतात, मिजमाशीत ते नसतात आणि तिच्या पंखांवरील शिराही फारच थोड्या असतात.

ओंडक्यावर बसलेले चिलट त्याच ओंडक्यात वाढले असेल असे नाही, हे अभ्यासकाने कधीही विसरू नये. म्हणून बुरशी लागलेला लाकडाचा तुकडा बरणीत ठेवून, तोंडाला पातळ कापड बांधून, ओलावा टिकवून वाट पाहणे हीच सर्वांत भरवशाची पद्धत होय. अळी पांढुरकी, पारदर्शक, बिनपायांची असून तिचे डोके काळे व चकचकीत असते; मिजमाशीच्या अळीला असे ठळक डोके नसते. केरोप्लॅटिडी कुळातील अळ्या लाकडाच्या खालच्या बाजूस चिकट धाग्यांचे जाळे विणतात, त्यामुळे त्या ओंडका उलटताच ओळखू येतात.

कोकणातल्या पावसाळी हवेत टाचणीला लावलेल्या नमुन्यांवरच बुरशी चढते. तेव्हा ते सत्तर टक्के अल्कोहोलात ठेवून नळीतील चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, कारण शाई त्यात विरघळू शकते. जातीपर्यंतची ओळख मुख्यतः नराच्या जननांगांवरून पटते, आणि त्यासाठी पोटाचा शेवटचा भाग पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात निर्मळ करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. व्यवसायाने संगीतकार असलेल्या एन्रिको ब्रुनेटी यांनी १९१२ साली ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेत द्विपंखी कीटकांचा खंड लिहिला, तो आजही हाताशी असावा. परंतु आज वेगळी मानलेली कुळे त्यात मायसेटोफिलिडी या एकाच नावाखाली येतात, हे ध्यानात ठेवूनच तो वाचावा. एकट्या मादीवरून जातीचे नाव ठरवण्याचा मोह टाळून, त्याच लाकडातून नर बाहेर पडेपर्यंत तिच्या चिठ्ठीवर कुळ किंवा फार तर प्रजाती एवढेच लिहावे.