दुकानदाराची नवी पत

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्या विकणारी बाई असो की बेळगावच्या खडेबाजारातील लहान कापडव्यापारी, दोघांपुढेही आज काळ्या ठिपक्यांच्या चौकोनाची तीच पाटी दिसते. गिऱ्हाईक आपला मोबाइल तिच्यासमोर धरते आणि पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जमा होतात. यूपीआय नावाची ही व्यवस्था २०१६ साली सुरू झाली. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात तिच्याद्वारे दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. तेव्हा पैसे देण्याची ही सोय आता नवलाची राहिली नाही. येत्या वर्षात लक्ष ठेवावे अशी गोष्ट तिच्या पाठोपाठ येत आहे. ती म्हणजे कर्ज.

पूर्वी लहान दुकानदाराची विक्री गल्ल्यात येई आणि गल्ल्यातूनच खर्ची पडे. तिचा लेखी पुरावा नसल्यामुळे बँक तारण मागे आणि दुकानदार सावकाराचे दार ठोठावी. आता दहा रुपयांच्या कोथिंबिरीचीही नोंद खात्यात राहते. ही नोंद हीच त्याची पत होऊ लागली आहे. २०२१ पासून कार्यरत झालेल्या 'अकाउंट ॲग्रिगेटर' संस्था हा तपशील खातेदाराच्या संमतीने कर्ज देणाऱ्याकडे पोहोचवतात. त्यांचे काम टपालवाल्याचे. पाकीट त्यांना उघडता येत नाही. संमती कशासाठी व किती मुदतीची हे आधी सांगावे लागते आणि दिलेली संमती मागेही घेता येते.

ॲपवाल्या कंपन्यांना कर्जाचा एवढा उत्साह का, याचेही कारण आहे. जानेवारी २०२० पासून यूपीआयच्या साध्या भरण्यावर दुकानदाराकडून शुल्क घेऊ नये असे ठरले. मग उत्पन्न दुसरीकडे शोधणे ओघानेच आले.

येथे थोडे गणित करून पाहणे इष्ट. समजा, दुकानदाराने दहा हजार रुपये घेतले आणि रोज शंभर रुपयांप्रमाणे १२० दिवस फेडले. एकूण बारा हजार गेले. व्याज वीस टक्के, असे त्याला वाटते. परंतु मुद्दल पहिल्याच दिवसापासून कमी होत गेले. संपूर्ण दहा हजार त्याच्या हाती चार महिने नव्हतेच. वर्षाच्या हिशेबाने हा दर शंभर टक्क्यांच्याही वर जातो! रोजचे शंभर रुपये जाणवत नाहीत, हीच यातली मेख.

रिझर्व्ह बँकेने २०२२ साली अशा कर्जांसाठी नियम घातले. वार्षिक दर व सर्व खर्च दाखविणारे पत्रक कर्जदाराला आधी मिळाले पाहिजे. रक्कम थेट त्याच्याच खात्यात आली पाहिजे. ॲपने त्याच्या मोबाइलमधील नातेवाइकांचे क्रमांक चाळता कामा नयेत. २०२५ पासून अशा ॲपची यादीही बँकेच्या संकेतस्थळावर आहे. अर्थात यादीत नाव असले म्हणजे कर्ज स्वस्त असते असे नव्हे.

राहता राहिला हंगाम. गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. मे महिन्याची भरघोस विक्री पाहून यंत्राने मासळीवालीला कर्ज मंजूर केले, तरी जूनमध्ये टोपली रिकामी असते आणि रोजचा हप्ता मात्र खात्यातून जातच राहतो. हप्ता रोजचा घ्यावा की हंगामाचा, हे सही करण्यापूर्वी तिलाच विचारून घ्यावे लागेल.