लेकीच्या विमानासाठी छोटा कॅमेरा घेताना

मैत्रिणींनो, एके काळी लेकीला शिकायला परगावी पाठवायचं म्हणजे गादी, ट्रंक आणि लाडवांचा डबा एवढी तयारी पुरत असे. आता आपल्या मुली धुळ्याला, बारामतीला, गोंदियाला विमान चालवायला शिकायला जातात. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण गाठीशी लागतं आणि त्यातल्या प्रत्येक तासाला पैसे मोजावे लागतात. मग एक दिवस फोन येतो, "आई, विमानात लावायला छोटा कॅमेरा हवाय गं. वाढदिवसाला तोच दे."

आपल्याला वाटतं, झालं, आणखी एक हौस! पण ही नुसती हौस नाही बरं का. विमान जमिनीला टेकतानाचे ते दहा-पंधरा सेकंद इतके भरकन जातात, की नंतर सर काय चुकलं ते सांगतात तेव्हा मुलीला नीट आठवतही नाही. तेच संध्याकाळी खोलीत बसून तीनदा पाहिलं, की चूक आपोआप डोळ्यांत भरते. महागड्या तासाचा दुप्पट उपयोग होतो म्हणा ना!

मात्र तोच कॅमेरा घात करणारही ठरू शकतो. म्हणून दुकानात पाऊल टाकण्याआधी एक कसोटी मनाशी पक्की करा. जमिनीवर एकदा सुरू केल्यावर खाली उतरेपर्यंत ज्याला हात लावावा लागत नाही, तोच कॅमेरा विमानासाठी चांगला. चित्र किती सुंदर येतं हे त्यानंतर.

अतिशयोक्ती वाटते? दोन घटना ऐका. ९ फेब्रुवारी २०१४ रोजी ब्रिटिश हवाई दलाचं एक मोठं विमान सुमारे दोनशे माणसांना घेऊन अफगाणिस्तानकडे निघालं होतं. वैमानिकाचा स्वतःचा कॅमेरा खुर्चीचा हात आणि विमान वळवायची दांडी यांच्या फटीत होता. खुर्ची पुढे सरकवली, कॅमेऱ्याने दांडी दाबली, आणि विमान अर्ध्या मिनिटाच्या आत ४,४०० फूट खाली आलं. दैव बलवत्तर म्हणून सारे वाचले.

त्याच वर्षी ३१ मे रोजी अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या वॉटकिन्सजवळ सेसना १५० जातीचं दोन आसनी विमान रात्री कोसळलं, दोघेही गेले. अवशेषांत एक छोटा कॅमेरा सापडला. त्यात त्याआधीच्या उड्डाणांचं चित्रण होतं, आणि विमान हवेत असताना वैमानिक मोबाइलवर स्वतःचे फोटो काढताना दिसत होता. मोबाइलमुळे लक्ष विचलित होणं हे अपघाताला हातभार लावणारं कारण असल्याचं तपास मंडळाने नोंदवलं. हवेत असताना फोटोत गुंतणं किती महाग पडतं, ते यावरून कळावं.

आता कॅमेऱ्याकडे वळू. या जातीचे कॅमेरे वजनाला दीडशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तीन लिंबांएवढे असतात. गोप्रो, डीजेआय, इन्स्टा३६० ही नावं दुकानात ऐकू येतील. गोप्रोचा २००४ सालचा पहिला कॅमेरा लाटांवर खेळणाऱ्यांसाठी होता आणि त्यात चक्क रीळ घालावं लागे! हे कॅमेरे मुळात विमानासाठी झालेले नाहीत, हे ध्यानात ठेवा. म्हणूनच काही गोष्टी आपणच पारखून घ्यायच्या.

पहिली गोष्ट बटणाची. एकदा दाबलं की कॅमेरा चालूही व्हावा आणि चित्रणही सुरू व्हावं. चित्रण चालू असल्याचा तांबडा दिवा बसल्या जागेवरून दिसायला हवा. आवाजी हुकमावर चालण्याची सोय विक्रेता कौतुकाने दाखवेल, पण इंजिनाच्या घरघरीत तिच्यावर विसंबू नका.

दुसरी गोष्ट बॅटरी आणि उष्णता. शिकाऊ उड्डाण साधारण तासाभराचं असतं, तेवढा वेळ बॅटरी टिकायलाच हवी. त्यात आपल्याकडचा मे महिना! विमान धावपट्टीजवळ उभं असलं की काचेतून ऊन थेट कॅमेऱ्यावर येतं, आत वारा नसतो, आणि कॅमेरा तापून आपला आपणच बंद पडतो. यावर सोपा उपाय आहे. सगळ्यात भारी, म्हणजे फोर-के चित्रण हवंच असं नाही. शिकण्यासाठी १०८० चं साधं चित्रण भरपूर झालं. कॅमेरा कमी तापतो, बॅटरी जास्त पुरते आणि कार्डही लवकर भरत नाही. फोर-के चित्रण सेकंदाला शंभर मेगाबिटच्या वेगाने साठवलं, तर तासाला पंचेचाळीस जीबी होतात. हिशेब तुम्हीच करून पाहा.

तिसरी गोष्ट पंख्याची. विमानाच्या चित्रणात पुढचा पंखा विळ्यासारखा वाकडा किंवा तुकडे होऊन तरंगताना दिसतो, ते पाहून घाबरू नका. कॅमेरा संपूर्ण चित्र एकदम घेत नाही, वरून खाली एकेक ओळ टिपत जातो. तेवढ्या वेळात पातं पुढे सरकतं. मिनिटाला २,४०० फेरे, म्हणजे सेकंदाला चाळीस! यावर औषध म्हणजे भिंगावर बसवायची काळसर काच, तिला एनडी फिल्टर म्हणतात. कॅमेऱ्याला गॉगल घातला असं समजा. उजेड कमी झाला की कॅमेऱ्याची झडप जास्त वेळ उघडी राहते. ती सेकंदाचा साठावा भाग उघडी राहिली, तर पातं दोन तृतीयांश फेरा मारून घेतं आणि दोन पात्यांचा मिळून नुसता फिकट धूसर चकवा दिसतो, डोळ्यांना दिसतो तसाच. तेव्हा निवडलेल्या कॅमेऱ्याला असा फिल्टर मिळतो का, हे आधी विचारा.

चौथी गोष्ट हादऱ्यांची. चित्र स्थिर करण्याची सोय या कॅमेऱ्यांची मोठी जाहिरात असते. पण विमान वळलं की कॅमेऱ्याला वाटतं आपणच हललो, आणि तो चित्र सावरायला जातो. परिणाम असा, की समोरची तबकड्यांची पाटी पाण्यात तरंगल्यासारखी डुलते. ही सोय बंद करता येते ना, किंवा कमी ठेवता येते ना, ते पाहा. खरी स्थिरता पक्क्या बसवण्यातून येते.

पाचवी गोष्ट आवाजाची, आणि नेमकी हीच आपण विसरतो. नुसत्या कॅमेऱ्यात फक्त इंजिन ऐकू येईल. शिकवणाऱ्या सरांचे शब्द हवेत, तर हेडसेटच्या जोडणीतून कॅमेऱ्यात जाणारी खास वायर लागते. पुष्कळ कॅमेऱ्यांना त्यासाठी आणखी एक जोड-तुकडा विकत घ्यावा लागतो. त्याची किंमत धरूनच कॅमेऱ्याची किंमत ठरवा. आणि सरांचा आवाज घेण्यापूर्वी त्यांना विचारायला मुलीला सांगा, हे ओघाने आलंच.

नावापुढचा आकडा मोठा म्हणजे सोयी जास्त, असंही नसतं बरं का. गोप्रो हिरो ११ मध्ये जीपीएस होतं, १२ मध्ये ते नव्हतं, १३ मध्ये परत आलं!

आता बसवण्याबद्दल. काचेला चिकटणारी रबरी वाटी बाहेरच्या हवेच्या दाबावर टिकते. उंच जावं तसा तो दाब कमी होतो, उन्हाने रबरही सैल पडतं. म्हणून वाटीखेरीज एक मजबूत दोरी हवीच, म्हणजे वाटी सुटली तरी कॅमेरा पायाखालच्या पेडलांत जाणार नाही. हल्ली लोहचुंबकाने चटकन बसणारे कॅमेरे मिळतात. घरात ठीक, पण छोट्या विमानात होकायंत्र समोरच असतं आणि चुंबकाने ते चुकीची दिशा दाखवू शकतं. तेव्हा ते दूरच ठेवलेलं बरं. विमानाच्या बाहेर, पंखाखाली वगैरे काही लावायचं असेल, तर ते संस्थेच्या इंजिनिअरच्या परवानगीशिवाय मुळीच नाही.

घरातली एक सवयही इथे आवरा. छोट्या विमानाची काच बहुधा काच नसतेच, ते ॲक्रिलिक असतं. आपण आरशाला मारतो तो अमोनियाचा फवारा किंवा स्पिरिट त्यावर पडलं, तर बारीक तडे जातात. वाटीचा डाग पाण्याने आणि मऊ सुती फडक्यानेच पुसायचा.

परवानगीचा मुद्दाही महत्त्वाचा. विमान नियम १९३७ मधल्या तेराव्या नियमाने सरकारी विमानतळावर आणि उडत्या विमानातून लेखी परवानगीशिवाय छायाचित्रं घ्यायला मनाई केली. तेव्हा संस्थेत विचारून परवानगी कागदावर घेतल्याशिवाय कॅमेरा विमानात न्यायचा नाही, आणि चित्रण नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचं नाही, मामाने कितीही आग्रह केला तरी!

दुकानात जाताना ही यादी पर्समध्ये ठेवा: एका बटणावर चालू होणारा कॅमेरा, एक जादा बॅटरी, चांगल्या कंपनीचं कार्ड, काळसर फिल्टर, हेडसेटची वायर, रबरी वाटी आणि दोरी. कार्ड रस्त्यावरून घेऊ नका, नकली फार असतात. पक्कं बिल आणि वॉरंटीचा कागद मागून घ्या.

आणि कॅमेरा हातात देताना लेकीला एवढंच सांगा, "हवेत असताना तो बंद पडला तर पडू दे. हात लावायचा नाही. बघायला आम्हाला तू हवीस." मग सुट्टीत ती घरी आली, की आधी जेवायला वाढा. चित्रण काय, नंतर सगळे मिळून टीव्हीवर पाहता येईल.