मडक्यातला गहू आणि ईस्टरचा सण

ख्रिस्ती घरातल्या मुलांना नाताळ फारसा समजावून सांगावा लागत नाही. बाळ, गोठा, मेंढपाळ, चांदणी हे सारे त्यांच्या ओळखीचे असते. ईस्टरचे तसे नाही. ज्याला क्रुसावर खिळून मारले तो तिसऱ्या दिवशी जिवंत झाला, ही गोष्ट नुसती ऐकून लहान मुलाच्या पदरात फारसे पडत नाही. नवे कपडे आणि गोडधोड एवढाच सण त्याच्या लक्षात राहतो. पण मुलाच्या हाताला काम दिले की ते आपण होऊन प्रश्न विचारू लागते. म्हणून घरातल्या सर्वांनी मिळून आठ दिवस करायची एक साधी रीत येथे देत आहोत. तिला पैसा लागत नाही. एक फुटके मडके, मूठभर गहू आणि तांब्याभर पाणी पुरे.

वसंत ऋतूत दिवस-रात्र सारखी झाल्यावर जी पौर्णिमा येते, तिच्या पुढच्या रविवारी ईस्टर असतो. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल या दिवसांत, कधी होळीच्या तर कधी हनुमान जयंतीच्या पुनवेजवळ येतो. २०२६ साली ५ एप्रिल आणि २०२७ साली २८ मार्च ही त्याची तारीख. आपल्या बीड जिल्ह्यात या दिवसांत ज्वारी-गहू खळ्यावरून घरात आलेला असतो आणि विहिरींचा तळ दिसू लागतो. ऊसतोडीला गेलेली माणसे कोयता खाली ठेवून गावाकडे परतत असतात. पाच-सहा महिने आजी-आजोबांजवळ राहिलेली पोरे आईबापांना बिलगतात. घर एकत्र बसते ते याच दिवसांत.

शेतकऱ्याच्या बोलीत शुभवर्तमान सांगणे आपल्या भागाला नवे नाही. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसविले. शेजारच्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, १८४२ साली 'ज्ञानोदय' पत्र निघाले. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी अभंगाच्या वळणाची भजने लिहिली, ती आजही मराठी मंडळ्यांत गाइली जातात. त्याच वाटेने आपणही जाऊ.

झावळ्यांचा रविवार : सकाळच्या उपासनेहून आल्यावर मडक्यात काळी माती भरा. गहू आदल्या रात्री भिजत घातलेला असावा. नुकताच मळलेला गहू कधी कधी उगवायला वेळ लावतो, म्हणून मागल्या सालचा, कीड न लागलेला घ्या. औषध लावलेले बियाणे मुलांच्या हाती देऊ नका. घरातल्या प्रत्येकाने चार-चार दाणे टाकावेत, तान्ह्या बाळाच्या वाटचे आईने. वरून बोटभर माती पसरून मडके सावलीत ठेवा. दाणे पेरण्याआधी दोन-तीन दाणे डबीत वेगळे ठेवायला मुलांना सांगा. ते पुढे लागतील.

गुरुवार : शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले. आपल्याकडे दारी आलेल्या पाहुण्याला पाय धुवायला पाणी देतात, पण धुतो ज्याचे तोच. त्या रात्री गुरूने स्वतः खाली बसून चेल्यांचे पाय धुतले. तेव्हा घरातल्या थोरांनी धाकट्यांचे पाय धुवावेत, बापाने पोरांचे, सासूने सुनेचे. एक तांब्या पाणी पुरते. पाणीटंचाईत ते फेकू नका, घमेल्यात धरून गव्हाला घाला. मग एकाच परातीत भाकरी मोडून सर्वांनी खावी.

उत्तम शुक्रवार : दुपारी बारा ते तीन या वेळी घरात रेडिओ, टीव्ही, मोबाईल बंद असावा. एकाने क्रुसावरच्या मरणाची हकिगत वाचावी. पोरांनी ओल्या मातीची लहान गुहा करून तिच्या तोंडाशी गोल धोंडा लावावा. बायबलात सांगितले आहे की, येशूला ज्या कबरेत ठेवले ती एका बागेत होती.

शनिवार : आज काही करायचे नाही, फक्त एक रोप मुळासकट उपटून पाहायचे. बहुधा एव्हाना कोंब वर आलेले असतात. मुळाशी दाणा चाचपायला सांगा. तो मऊ पडलेला, आतून रिकामा होत चाललेला दिसेल. मग डबीतले दाणे काढा. ते जसेच्या तसे, टणक आणि एकटे आहेत. गव्हाच्या दाण्याचा हा दाखला येशूने स्वतःच आपल्या मरणाविषयी दिला होता. मुलांना तो वेगळा सांगावा लागणार नाही.

ईस्टरची पहाट : झुंजुमुंजू होताच दिवा लावून सर्वांना उठवा आणि धाकट्या मुलाकडून गुहेचा धोंडा बाजूला सारवा. आत काही नाही. कबरेकडे प्रथम बाया गेल्या होत्या. धोंडा कोण सरकवील, ही चिंता करीत त्या निघाल्या होत्या. मग्दालीया मरीयेला तर समोर उभा असलेला प्रभू बागेचा माळीच वाटला! ही हकिगत घरातल्या बाईमाणसाने सांगावी.

आता दोन प्रश्नांविषयी. शाळेत जाणारे पोर म्हणेल, "पण बी मरत नाही, आतला कोंब जिवंतच असतो." त्याला गप्प करू नका, त्याचे बरोबर आहे. गहू उगवतो तो त्याच्या स्वभावाने, दरसाल. येशू मात्र खरोखर मरण पावला आणि देवाने त्याला उठविले, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. दाखला वाट दाखवतो. वाट चालणे वेगळे, हे त्याला सांगा.

दुसरा प्रश्न अवघड. ज्या घरात वर्षभरात माणूस गेले आहे, तेथे मूल विचारते, "मग आमचे बाबा परवा येतील का?" दुष्काळाने आणि कर्जाने आपल्या जिल्ह्यातली किती घरे अशी झाली आहेत, हे सांगायला नको. अशा वेळी खोटी आशा दाखवू नये. "नाही बाळा, परवा येणार नाहीत. पण देव त्यांना विसरलेला नाही, आणि एक दिवस आपली त्यांची भेट होईल असा आपला भरवसा आहे," एवढेच सांगावे. रडू आले तर रडू द्यावे. येशूही मित्राच्या, लाजरच्या, कबरेपाशी रडला होता. जमल्यास ईस्टरच्या सकाळी मुलाला घेऊन कबरेवर जावे आणि मडक्यातली चार रोपे तेथे लावावीत. उन्हाने ती वाळतील, हेही आधीच सांगून ठेवावे.

मडक्यात काहीच उगवले नाही तर? उन्हाळ्यात असे होते. गुपचूप दुसरे मडके आणून ठेवू नका. शेतकऱ्याच्या पोराला न उगवलेली पेरणी ठाऊक असते. शेजारच्या घरचे मडके पाहायला सर्वांनी मिळून जावे.

अजून कारखान्यावर कोपीत असाल तर मडक्याऐवजी तेलाचा रिकामा डबाही चालतो. सण झाला की पोरांच्या हाती खिरीचे वाटे देऊन आधी शेजारीपाजारी, कोणत्याही धर्माचे असोत, त्यांच्याकडे पाठवा. पहिल्या ईस्टरलाही बाया बातमी घेऊन धावतच गेल्या होत्या. उरलेला हिरवा गहू शेळीला घाला.