उंच बॉनेटची जीप

दुसऱ्या महायुद्धातली जीप गॅरेजात आली की मी आधी इंजिन उघडत नाही. खाली बसून पुढच्या जाळीमागचा, चासीचा आडवा दांडा पाहतो. गोल नळी असेल तर गाडी विलीसची, पालथी पन्हळ असेल तर फोर्डची. बोल्टच्या डोक्यावर ‘एफ’ अक्षर सापडलं की खात्रीच. एकीचे भाग दुसरीला बसतात, कारण लष्कराला दोन्ही गाड्या एकाच मापाच्या हव्या होत्या.

मूळ काम मात्र तिसऱ्याच कंपनीचं. १९४० साली अमेरिकी लष्कराने १३५ कंपन्यांना विचारलं होतं: चारही चाकं ओढतील अशी हलकी गाडी हवी, आणि पहिला नमुना ४९ दिवसांत. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची बँटम ही डबघाईला आलेली छोटी कंपनी पुढे झाली. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने थोड्या दिवसांत आराखडा काढला. २३ सप्टेंबरला गाडी मेरीलँडमधल्या होलाबर्ड तळावर पोहोचली, तेव्हा मुदत संपायला अर्धाच तास होता. पण एवढ्या छोट्या कारखान्यातून लष्कराची गरज कशी भागणार? बँटमची रेखाचित्रं विलीस आणि फोर्डच्या हाती गेली. युद्धात साडेसहा लाखांच्या आसपास जीप बनल्या, त्यात बँटमच्या तीन हजारही नाहीत. हा अन्याय आहे, आणि जीपवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला बँटमचं नाव ठाऊक असलं पाहिजे.

विलीसचं श्रेय इंजिनाचं. त्यांच्या बार्नी रूसचं २.२ लिटरचं इंजिन ६० अश्वशक्तीचं, तिघांत सर्वांत दमदार. पण गाडी जड झाली होती आणि मर्यादा होती २,१६० पौंडांची, म्हणजे साधारण ९८० किलोंची. रूसने गाडी सुटी करून एकेक भाग तोलला, बोल्टची जास्तीची टोकंसुद्धा कापली. रंगाचं वजनही त्याने हिशेबात धरलं, असं सांगतात. मला सर्वांत आवडते ती हेडलाइट: बिजागरीवर उलटी फिरवली की उजेड इंजिनावर पडतो. रात्री दुरुस्ती करणाऱ्या माणसाचा विचार करणारे अभियंते विरळाच.

१९४५ मध्ये शेतकऱ्यांसाठी विलीसची सीजे-२ए आली. मागे फाळका आला, हेडलाइट मोठ्या झाल्या आणि जाळीच्या नऊ फटींच्या सात झाल्या. १९५३ च्या सीजे-३बी मध्ये इंजिनाचे आत ओढणारे व्हॉल्व्ह बाजूचे काढून वर नेले. इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं.

हीच आपल्याकडची जीप. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र अँड मोहम्मदने १९४७ पासून विलीसची जुळणी सुरू केली. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि कंपनी महिंद्र अँड महिंद्र झाली. अमेरिकेत सीजे-३बी १९६८ मध्ये थांबली. आपल्याकडे तिचा तोंडवळा पुढे महिंद्रच्या एमएम ५४० पर्यंत टिकला, पोटात प्यूजोचं डिझेल इंजिन घेऊन.

हल्ली गिऱ्हाईक म्हणतं, “बॉनेट कापून खाली करा, युद्धातल्यासारखी दिसू दे.” मी ते काम घेत नाही. ती उंची इंजिनासाठी आलेली आहे. ती कापली, तर सीजे-३बी उरतच नाही.